एक फेक, सात ठिकऱ्या: गेम जॅमसाठी छोटा व्हीआर खेळ बनवताना

पहिल्या व्हीआर जॅमला आम्ही तिघांनी शनिवारचा अख्खा दिवस मैदान सजवण्यात घालवला. झाडं, भिंती, कट्ट्यावर बसलेली पोरं, ढग. रविवारी सकाळी कुठे हातात चेंडू आला. पहिल्या खेळाडूने तो जोरात भिरकावला आणि चेंडू त्याच्याच पायाशी पडला. दुसऱ्याचाही तसाच. दुपारी तीनला खेळ जमा करायचा होता, तोवर फेक काही सुधारली नाही. मैदान सुंदर झालं होतं, पण हेडसेट घातलेलं कोणी दोन मिनिटांच्या वर टिकलं नाही.

म्हणून या लेखातला क्रम आमच्या त्या क्रमाच्या नेमका उलटा आहे. आधी फेक, मग बाकी सगळं. व्हीआरमधल्या खेळात, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायच्या खेळात, अर्धा खेळ खेळणाऱ्याच्या अंगातच असतो. हात फिरवल्यावर मनाला जे अपेक्षित असतं ते समोर घडलं, तर चार भिंती आणि एक ओटा एवढ्यावरही माणूस रमतो. ते घडलं नाही, तर कुठलंच मैदान त्याला वाचवू शकत नाही.

नव्यांसाठी थोडक्यात: गेम जॅम म्हणजे ठरलेल्या वेळात, बहुतेक वेळा ४८ तासांत, दिलेल्या विषयावर खेळ बनवण्याचा मेळा. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे. ग्लोबल गेम जॅम २००९ मध्ये सुरू झाला आणि दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस भरतो. इच डॉट आयओ या साइटवर तर वर्षभर कुठला ना कुठला जॅम चालूच असतो. तुमचा पहिला असेल तर अशा एखाद्या लहान ऑनलाइन जॅमपासून सुरुवात करा.

उदाहरण म्हणून मी लगोरी घेतो. तुमच्याकडे तिला लिंगोरचा म्हणत असतील. क्रिकेटचा मोह होतो हे मला ठाऊक आहे, पण थोडा हिशेब करा. ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. खेळाचं इंजिन, म्हणजे खेळ ज्यावर बनतो आणि चालतो ते सॉफ्टवेअर, सेकंदाला ७२ वेळा हिशेब करत असेल, तर दोन हिशेबांच्या मध्ये चेंडू अर्ध्या मीटरहून जास्त सरकतो. बॅट अलीकडे असताना चेंडू पलीकडे पोचलेला असतो आणि दोघांची गाठ पडल्याचं इंजिनला कळतच नाही. यावर उपाय आहेत, पण पहिल्या जॅमला ते नकोत. लगोरीत चेंडू तुमच्याकडून जातो, हळू जातो आणि समोरची चळत जागची हलत नाही. शिवाय खेळ समजावून सांगावा लागत नाही. सात ठिकऱ्यांची चळत आणि हातात चेंडू दिला की काय करायचं ते कोणालाही कळतं.

आधीच्या आठवड्यात

ही कामं जॅमच्या वेळात करू नका, कारण प्रत्येक काम अर्धा दिवस खाऊ शकतं.

इंजिन निवडा. युनिटी चांगलंच आहे आणि त्यावर व्हीआरचे धडे भरपूर मिळतात. तुमच्यापैकी कोणाला ते आधीच येत असेल तर तेच घ्या. तिघेही नवे असतील तर मी गोडॉट सुचवेन. ते मुक्त आणि मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ओपन एक्सआर त्यात अंगभूत आहे. ओपन एक्सआर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेडसेटशी एकाच पद्धतीने बोलण्याचं मानक. पुढचं सगळं मी गोडॉट आणि मेटा कंपनीचा क्वेस्ट हेडसेट डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, पण यातला फेकीचा आणि चळतीचा भाग कुठल्याही इंजिनला लागू पडतो.

हेडसेटचा डेव्हलपर मोड, म्हणजे स्वतः बनवलेला खेळ चढवू देणारी सोय, आधीच चालू करा. क्वेस्टसाठी मेटाच्या साइटवर डेव्हलपर म्हणून नोंदणी करावी लागते, मग फोनवरच्या ॲपमधून मोड चालू होतो. हेडसेट कॉलेजच्या लॅबचा किंवा मित्राचा असेल तर तो ज्याच्या खात्यावर आहे त्या माणसाला हे करावं लागेल. शुक्रवारी रात्री तो माणूस गावी गेलेला असतो. त्यामुळे हे काम चार दिवस आधी उरकलेलं बरं.

केबल तपासा. चार्जिंगच्या कित्येक केबलमधून वीज जाते, डेटा जात नाही. हेडसेट लॅपटॉपला जोडल्यावर त्याच्या आत, डोळ्यांसमोर, यूएसबी डीबगिंगला परवानगी विचारणारी खिडकी यायला हवी. ती येत नसेल तर आधी केबल बदलून पाहा.

आणि एकदा, फक्त एकदा, रिकामा प्रकल्प हेडसेटवर चढवून पाहा. गोडॉटमधून क्वेस्टसाठी बिल्ड, म्हणजे हेडसेटवर चढवायची तयार फाइल, काढायला अँड्रॉइडची एसडीके (ॲप बनवायची साधनं), जावाची योग्य आवृत्ती आणि ओपन एक्सआर व्हेंडर्स नावाचं प्लगिन लागतं. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये एक्सआर मोड ओपन एक्सआर करावा लागतो. तो राहिला, तर खेळ हेडसेटमध्ये एखाद्या सपाट पडद्यासारखा हवेत तरंगताना दिसतो. रिकाम्या जागेत एक ठोकळा दिसला आणि डोकं फिरवलं तरी तो जागीच राहिला, की तुमची तयारी झाली.

आधीचा कोड वापरू देतात का, ते प्रत्येक जॅमच्या नियमांत वेगळं असतं. ते वाचा. तयार प्लगिन बहुतेक ठिकाणी चालतात.

शुक्रवारची रात्र: छाटणी

विषय जाहीर झाला की पहिला तास कागदावर घालवा. ग्लोबल गेम जॅमचा २०२० चा विषय होता दुरुस्ती, २०२३ चा मुळं. दुरुस्ती हा विषय असता तर मी फोडणं दुय्यम ठेवून मोडलेली चळत पुन्हा रचणं हाच खेळ केला असता. मुळांच्या विषयाला ओट्याऐवजी वडाच्या पारंब्यांत चळत ठेवली असती आणि फेकीची वाट पारंब्यांमधून काढायला लावली असती. विषयामुळे खेळाचं रूप बदलू द्या, पण अंगाची हालचाल एकच ठेवा. ती म्हणजे फेक.

मग छाटायला घ्या. खऱ्या लगोरीत धावणं आहे. व्हीआरमध्ये ते काढून टाका. घरात खोलीभर जागा मोकळी नसते, आणि हातातल्या कंट्रोलरची काडी ढकलून सरकायची सोय दिली तर डोळे म्हणतात आपण चाललो, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो उभे आहोत. या भांडणात पोटात ढवळतं. खेळणारा एका जागी उभा राहील असंच ठरवा. खऱ्या लगोरीत दोन संघ आहेत, तेही काढा. ऑनलाइन दोघांनी खेळायची कल्पना कोणी मांडली तर प्रेमाने नाही म्हणा.

उरतं ते असं: तीन फेकी, सात ठिकऱ्या, किती पडल्या त्याचे गुण. पुन्हा खेळ. हे एका वाक्यात सांगता येतं म्हणून ते ४८ तासांत होतं.

चळत पुन्हा रचायचा डाव मलाही फार आवडतो. त्याला कागदावर वेगळी जागा द्या आणि शेजारी लिहा: रविवारी सकाळी नऊला बाकी सगळं चालत असेल तरच.

पहिले दोन तास: रिकामं अंगण, हातात चेंडू

नवा प्रकल्प उघडताना रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, विचारला जातो, त्यात कंपॅटिबिलिटी निवडा. एकट्या हेडसेटच्या मोबाइल चिपला तोच सोसतो. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये ओपन एक्सआर चालू करा, एक्सआरचे शेडर चालू करा आणि इंजिन पुन्हा सुरू करा.

सीनमध्ये एक एक्सआर ओरिजिन ठेवायचा. त्याच्या पोटात एक एक्सआर कॅमेरा आणि दोन एक्सआर कंट्रोलर, एक डाव्या हाताचा, एक उजव्या हाताचा. ओरिजिन म्हणजे तुमच्या खऱ्या खोलीची फरशी. कॅमेरा म्हणजे डोकं. कॅमेरा स्वतः कधीही हलवू नका, तो फक्त माणसाच्या मानेने हलला पाहिजे. कंट्रोलरच्या नोडला कुठली पोझ, म्हणजे हाताचा कुठला बिंदू आणि दिशा, हवी ते सांगावं लागतं. तिथे ग्रिप निवडा. एम (aim) नावाची पोझ बोट रोखून नेम धरण्यासाठी असते. तिला चेंडू चिकटवला तर तो मुठीत न दिसता मुठीच्या पुढे दिसतो.

सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी हव्यात: ओपन एक्सआर सुरू झाला का ते पाहणं, मुख्य व्ह्यूपोर्टला एक्सआर वापरायला सांगणं, आणि संगणकाच्या पडद्याचा व्ही-सिंक (चित्रं पडद्याच्या वेगाला बांधणारी सोय) बंद करणं. चौथी गोष्ट सगळे विसरतात. गोडॉट भौतिकीचा हिशेब मुळात सेकंदाला ६० वेळा करतं, हेडसेट मात्र ७२ किंवा ९० चित्रं दाखवतो. हे आकडे जुळले नाहीत तर उडणारा चेंडू अडखळत पुढे जाताना दिसतो. सेटिंगमध्ये फिजिक्स टिक्स, म्हणजे सेकंदातले हे हिशेब, हेडसेटच्या वेगाएवढे करा. आपण ७२ धरू.

मापं खरी ठेवा. इंजिनमधला १ म्हणजे १ मीटर. चेंडू टेनिसच्या चेंडूएवढा, म्हणजे साधारण ६.७ सेंटिमीटर व्यासाचा. ठिकरी १४ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर जाड. सातांची चळत २१ सेंटिमीटर होते. पडद्यावर चुकीचं माप खपून जातं. हेडसेटमध्ये मात्र माणूस आपल्या हाताशी सगळं ताडून पाहतो आणि चूक लगेच जाणवते.

चळत जमिनीवर ठेवू नका. खेळणाऱ्यापासून ४ मीटर अंतरावरच्या, ५० सेंटिमीटर उंच ओट्यावर ठेवा. याचं कारण हिशेबातून दिसतं. उभ्या माणसाचा हात खांद्याच्या उंचीवर, धरा १.४ मीटरवर, चेंडू सोडतो. चेंडू आडवा, सेकंदाला १० मीटर वेगाने सुटला तर ओट्यापर्यंत पोचायला ०.४ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो ७८ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे ६२ सेंटिमीटर उंचीवर, चळतीच्या बरोबर मधोमध. वेग ११ केला तर तो वरच्या ठिकरीच्या जेमतेम वरून निघून जातो. ९ केला तर ओट्यावर आपटतो. सहज, आडव्या फेकीने लगोरी फुटते आणि थोडं चुकलं की चुकतं, असं अंतर आणि उंची यातून मिळाली. तुमच्या मापांसाठी हा हिशेब करून घ्या, पाच मिनिटं लागतात.

फेक

इथे थांबा. शनिवारची सकाळ पूर्ण याला द्या.

चेंडू म्हणजे रिजिड बॉडी, भौतिकीचे नियम पाळणारी टणक वस्तू. हातात असताना ती गोठवलेली, हाताला जोडलेली. ग्रिप, म्हणजे कंट्रोलरवरचं मुठीचं बटण, सोडली की क्रमाने: हातापासून सोडवून जगाशी जोडा, गोठवणं काढा, मग वेग द्या. क्रम उलटा झाला की वेग हरवतो आणि चेंडू टपकन खाली पडतो.

वेग किती द्यायचा? पहिला विचार असा येतो की सोडल्याच्या क्षणी हाताचा जो वेग तोच चेंडूचा. आम्ही हेच केलं होतं आणि सगळे चेंडू पायाशी पडले. खरा चेंडू बोटांतून आपोआप सुटतो, हात सगळ्यात वेगात असताना. कंट्रोलर मात्र मुठीतच राहतो. बटणावरचं बोट उचलायचं ठरवून ते खरंच उचलेपर्यंत हात पुढे जाऊन खाली वळलेला असतो आणि मंदावलेला असतो. त्या उशिराच्या क्षणाचा वेग घेतला की चेंडू जमिनीकडेच जाणार.

म्हणून हाताच्या जागेची आठवण ठेवा. प्रत्येक टिकला हाताचा वेग एका यादीत लिहा आणि शेवटचे ८ ठेवा. ७२ च्या हिशेबाने हे साधारण एक दशांश सेकंद होतं. ग्रिप सुटली की या आठांतला सगळ्यात मोठा वेग शोधा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा मिळून तिघांची सरासरी काढा, तीच चेंडूला द्या. एकटा सर्वांत मोठा आकडा घेऊ नका. ट्रॅकिंग कधीकधी क्षणभर उडी मारतं आणि चेंडू तोफगोळ्यासारखा सुटतो. वरची मर्यादाही घाला, सेकंदाला १५ मीटर.

गोडॉटसाठी एक्सआर टूल्स नावाचं मोफत प्लगिन आहे. त्यात वस्तू उचलण्या-फेकण्याची सोय तयार मिळते आणि तेही वेगाची सरासरीच काढतं. वेळ नसेल तर ते वापरा. तरी एकदा हे स्वतः लिहून पाहावं असं मी सांगेन, कारण फेक बिघडली की कुठे हात घालायचा ते तेव्हाच कळतं.

मनगटाचा झटका वेगळा मोजावा लागतो. मनगट फिरतं तेव्हा मुठीचा मध्य फारसा हलत नाही, पण बोटांच्या टोकाशी असलेला चेंडू जोरात फिरतो. म्हणून वेग कंट्रोलरच्या मध्याचा न मोजता चेंडू जिथे दिसतो त्या बिंदूचा मोजा. चेंडूची जागा टिकागणिक नोंदवली की मनगटाचा हिस्सा आपोआप त्यात येतो, वेगळं गणित लागत नाही.

ग्रिपचं बटण ० ते १ असा दाब सांगतं. पकडायला ०.७ आणि सोडायला ०.५ ठेवा. दोन्हीला एकच आकडा ठेवला तर त्याच्या आसपास बोट थरथरलं की चेंडू हातात लुकलुकतो. सोडण्याचा आकडा फार खाली नेलात तर फेक आणखी उशिरा होते.

हाताला टक्कर देणारा आकार लावला असेल तर सुटताक्षणी चेंडू आपल्याच बोटांवर आदळतो. कोलिजन लेअर वेगळे करून हात आणि चेंडू एकमेकांना दिसणार नाहीत असं करा.

आता थोडी मदत. हातात चेंडूचं वजन नसतं, त्यामुळे माणसं बिचकत, हळू फेकतात. मिळालेल्या वेगाला १.२ किंवा १.३ ने गुणा. किती, ते दोनचार जणांना खेळवून ठरवा. दिशेतही किंचित हात द्या. फेक चळतीच्या डावी-उजवीकडे ६ अंशांच्या आत असेल तर ती चूक निम्मी करा. ४ मीटरवर ६ अंश म्हणजे ४२ सेंटिमीटर, म्हणजे मदत नेमाच्या जवळ असणाऱ्यालाच मिळते. वर-खाली मात्र अजिबात हात लावू नका. किती जोर लावायचा हेच लगोरीतलं कसब आहे, ते खेळणाऱ्याकडे राहू द्या. ही मदत कळू न देता करायची असते. तीन फेकींनंतर माणूस 'हात बसला' असं म्हणाला की समजा प्रमाण बरोबर आहे.

चळत

सात वस्तू एकावर एक ठेवून भौतिकीच्या हवाली केल्या की त्या थरथरतात, हळूहळू सरकतात आणि कोणी न मारता कोसळतात. गोडॉटच्या ४.४ आवृत्तीपासून जोल्ट हे भौतिकीचं इंजिन सेटिंगमध्ये निवडता येतं. ते चळती जास्त घट्ट धरतं, तेच घ्या. ठिकरी दिसायला गोल किंवा वेडीवाकडी असली तरी टक्करीचा आकार चपटा चौकोनी ठोकळा ठेवा. गोल डब्याच्या आकारापेक्षा तो शांत बसतो.

तरीही फेकीची वाट पाहत असताना सातही ठिकऱ्या गोठवून ठेवा. त्या सोडायच्या कधी? चेंडू लागल्यावर सोडू म्हटलं तर उशीर होतो. चेंडू गोठलेल्या चळतीला भिंतीसारखा आपटून मागे येतो आणि नंतर ठिकऱ्या मोकळ्या होतात, पण त्यांना धक्का बसलेलाच नसतो. म्हणून चळतीभोवती एक अदृश्य क्षेत्र लावा आणि चेंडू त्यात शिरताच सगळ्या सोडा. क्षेत्र चळतीच्या पुढे निदान ४० सेंटिमीटर हवं. १२ मीटर वेगाचा चेंडू एका टिकला जवळपास १७ सेंटिमीटर जातो. क्षेत्र अरुंद असेल तर तो एका उडीत चळतीपर्यंत पोचतो. याच कारणासाठी चेंडूच्या गुणधर्मांत कंटिन्यूअस सीडी (दोन हिशेबांमधली वाटही तपासणारी सोय) चालू करा, नाहीतर जोराची फेक कधीकधी ठिकरीच्या आरपार जाते.

वजनाच्या बाबतीत मात्र खरेपणा सोडा. टेनिसचा चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपास असतो, आणि आपल्या मापाची दगडी ठिकरी किलोच्या पुढे जाईल. तसे आकडे घातले तर नेम लागूनही ठिकरी जराशी सरकते आणि खेळणारा हिरमुसतो. दोघांनाही २०० ग्रॅम द्या. चळत फुटून उडते आणि वजनं सारखी असल्यामुळे इंजिनही गोंधळत नाही.

ठिकरी पडली हे कसं ठरवायचं? फेकीनंतर २ सेकंद थांबा. मूळ जागेपासून ७ सेंटिमीटरहून जास्त सरकलेली प्रत्येक ठिकरी पडली असं धरा. नवा डाव लावताना जुन्या ठिकऱ्या उचलून जागेवर ठेवत बसू नका, भौतिकी त्यांना पुन्हा खेचते. चळत हा वेगळा सीन करा, जुनी काढून टाका, नवी ठेवा.

चेंडू आणायला कोणी जाणार नाही हे लक्षात ठेवा. ग्रिप दाबली की हातात नवा चेंडू यावा, एवढी सोय पुरते.

अंगण

शनिवारी संध्याकाळी फेक आणि चळत चालत असेल तर आता सजवा. जमीन, ओटा, मागे एक भिंत, एक झाड. भिंत हवीच, कारण चुकलेला चेंडू कुठे गेला ते तिच्यावर आपटताना दिसतं. मॉडेल स्वतः करायला वेळ नसेल तर केनीच्या साइटवर आणि पॉली हेवनवर सीसीझिरो परवान्याची सामग्री मिळते, ती निर्धास्त वापरता येते.

७२ च्या वेगाला प्रत्येक चित्रासाठी १४ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ असतो. एखादं चित्र चुकलं तरी हेडसेटमध्ये ते डोळ्याला टोचतं. म्हणून खऱ्या सावल्या बंद ठेवा, वस्तू कमी ठेवा. एकच सावली ठेवा, ती चेंडूची. चेंडूच्या बरोबर खाली जमिनीवर एक मऊ काळा ठिपका फिरवत न्या. त्याच्यामुळे चेंडू किती लांब गेला ते डोळ्याला समजतं आणि पुढची फेक सुधारते.

गुण डोळ्यांपुढे चिकटवू नका. मान वळवली तरी अक्षरं मागे मागे येत राहतात, ते त्रासाचं होतं. भिंतीवर एक फळा लावा आणि खडूच्या अक्षरांत गुण लिहा.

आवाजावर तासभर नक्की घालवा. शहाबादी फरशीचे चार तुकडे घ्या, गच्चीवर जा, फोनवर ते एकमेकांवर आपटल्याचे दहा आवाज रेकॉर्ड करा. प्रत्येक टक्करीला त्यातला एखादा, पट्टी थोडी वरखाली करून, त्या ठिकरीच्या जागेवरून वाजवा. लहानपणी लगोरी खेळलेल्या माणसाला हा आवाज ऐकताच जागा ओळखू येते. मी या खेळात जेवढं काही केलं त्यात सगळ्यांना आवडलेला भाग हाच होता. चेंडू हातात आल्यावर कंट्रोलरला एक हलकी थरथर द्या, सुटताना आणखी हलकी. वजनाचा भास एवढ्याने होतो.

पंखा, पट्टा आणि डावखुरे

आपल्या घरांत छताला पंखा असतो. हेडसेट घातलेल्या माणसाला तो दिसत नाही आणि खांद्यावरून फेकणारा हात वर जातो. खेळाच्या पहिल्या पडद्यावर, मराठीत, लिहा: पंखा बंद करा, दोन मीटर लांब-रुंद जागा मोकळी करा, मनगटाचा पट्टा घाला. पट्ट्याचं मी मनापासून सांगतो. फेकीचा खेळ चांगला जमला की माणूस विसरतो आणि चेंडूबरोबर कंट्रोलरही सोडतो. समोर टीव्ही असतो, नाहीतर कोणीतरी बसलेलं असतं. चळत खाली ओट्यावर असल्यामुळे हात वर न जाता पुढे जातो, हा ओट्याचा आणखी एक फायदा.

दोन्ही हातांना चेंडू घेता आला पाहिजे. एवढंच केलं की डावखुऱ्यांची सोय झाली. लहान मुलं आणि खुर्चीवर बसून खेळणारी माणसं यांच्यासाठी ओट्याची उंची डोक्याच्या उंचीवरून ठरवा. खेळ सुरू होताना कॅमेरा जमिनीपासून किती वर आहे ते पाहा आणि त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ओटा ठेवा.

रविवार

सकाळी खेळ माहीत नसलेल्या तीन माणसांच्या डोक्यावर हेडसेट चढवा. घरचे, शेजारचे, चहावाला, कोणीही. काही सांगू नका. तोंड बंद ठेवणं फार कठीण जातं, तरी ठेवा. त्यांचे पाय कुठे वळतात, ते कुठलं बटण दाबतात, पहिल्या फेकीला किती वेळ लागतो ते वहीत लिहा. आमच्याकडे एक आजी ग्रिपऐवजी ट्रिगर, म्हणजे तर्जनीखालचं बटण, दाबत राहिल्या. त्यांना शिकवण्यापेक्षा आम्ही ट्रिगरनेही चेंडू उचलता येईल असं केलं आणि पुढे कोणीच अडकलं नाही.

मुदतीच्या तीन तास आधी नवी भर थांबवा. त्यानंतर फक्त चुका दुरुस्त करायच्या. दोन तास आधी एक चालतं बिल्ड चढवून ठेवा, नंतर ते बदलता येतं. शेवटच्या दहा मिनिटांत सगळेच चढवत असतात आणि साइट रांगते.

तुमचा खेळ पाहणाऱ्या बहुतेकांकडे हेडसेट नसेल. त्यांच्यासाठी दोन गोष्टी करा. हेडसेट सापडला नाही तर खेळ माउसवर चालावा: माउस मागे ओढून सोडला की त्या जोराने फेक. हे तासाभराचं काम आहे आणि संघात ज्याच्याकडे हेडसेट नाही त्यालाही शनिवारी चळत तपासायला तेच उपयोगी पडतं. दुसरी गोष्ट म्हणजे अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. हेडसेटमधलं दृश्य एका बाजूला, फेकणारा खरा माणूस दुसऱ्या बाजूला. नेम लागल्यावर तो जो ओरडतो, तो आवाज कापू नका.

खेळाच्या पानावर कुठल्या हेडसेटवर तपासलं ते लिहा, बटणं सांगा, बाहेरून घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं आणि आवाजाचं श्रेय द्या. आणि पंखा-पट्ट्याची सूचना पानाच्या अगदी वर, डाउनलोडच्या बटणाच्या आधी ठेवा.